आठवड्याची आखणी : रविवारची रात्र नव्हे, शुक्रवारची दुपार

संघटनेच्या एका बैठकीनंतर चहापानाच्या वेळी सहज विषय निघाला की, पुढच्या आठवड्याचा विचार कोण केव्हा करतो. जमलेल्या आठ-दहा वैद्यांपैकी बहुतेकांचे उत्तर एकच आले : रविवारी रात्री, जेवणे आटोपल्यावर. एक-दोघांनी सोमवारी सकाळी, दवाखाना उघडण्यापूर्वी, असे सांगितले. एका ज्येष्ठ वैद्यांनी "आम्ही आखणी करीतच नाही, पहिला रुग्ण आला की आमचा आठवडा सुरू होतो" असे म्हणून सर्वांना हसविले. आम्ही "शुक्रवारी दुपारी" असे म्हटल्यावर मात्र कित्येकांच्या भुवया उंचावल्या. चालू आठवडा अजून संपलेला नाही, शनिवारची गर्दी व्हायची आहे, अशा वेळी पुढच्या आठवड्याचा विचार कशासाठी, असा प्रश्न आला. चहा संपेपर्यंत त्याचे पुरते उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय किरकोळ आहे, असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. ज्या त्रैमासिकात शोधनचिकित्सा आणि रसकल्पांची चर्चा होते, तेथे वहीत वार आणि तारखा मांडण्याची गोष्ट काय सांगावी? परंतु आमच्या वीस वर्षांच्या व्यवसायात चिकित्सा फसल्याचे जे प्रसंग आले, त्यांतील निम्म्याहून अधिक ठिकाणी निदान चुकले नव्हते आणि औषधाची निवडही चुकली नव्हती. चुकली होती ती पूर्वतयारी. चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय, उपकल्पनीय, याच विषयाला दिला आहे. वमन-विरेचन करण्यापूर्वी घर कसे असावे, परिचारक कोणते असावेत, कोणती भांडी, कोणती द्रव्ये जवळ ठेवावीत, याची तेथील यादी वाचताना एखाद्या दक्ष गृहिणीच्या कोठीघरात शिरल्यासारखे वाटते. त्यातही एक मुद्दा विशेष मननीय आहे. बाजारात द्रव्ये मिळत असली, तरी संकट उभे राहिल्यावर ती तातडीने आणि योग्य प्रकारे जमविणे सोपे नसते, असे आचार्य बजावतात. सुश्रुताचार्यांनीही शस्त्रकर्माच्या पूर्वतयारीसाठी अग्रोपहरणीय नावाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. तेव्हा अगोदर जमवाजमव करणे हा चिकित्सेचाच भाग आहे. तो कारकुनी व्यवहार नव्हे.

ही गोष्ट आम्हांला पाठ होती. उमगली ती मात्र एका रुग्णेमुळे.

आंबेनळी घाटाच्या बाजूच्या एका वाडीतील पन्नाशीच्या बाई जुनाट त्वग्विकारासाठी आमच्याकडे येत. शमनचिकित्सेने उतार पडे आणि पुन्हा उचल होई. आश्विनात, शरद ऋतूत विरेचन द्यावयाचे, असे आम्ही ठरविले आणि त्याही मोठ्या श्रद्धेने तयार झाल्या. महाडात बहिणीकडे राहावयाचे ठरले. त्या काळी आम्हीही रविवारी रात्रीच आठवडा आखीत असू. उद्यापासून स्नेहपान, असे रविवारी रात्री वहीत लिहिले आणि सोमवारी पहाटे प्रारंभ केला. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, सम्यक् स्निग्ध लक्षणे मिळाली. शनिवार, रविवार, सोमवार अभ्यंग-स्वेदन झाले. मंगळवारी विरेचन दिले, वेग उत्तम आले, शुद्धी प्रवर झाली. आम्ही मनातून संतुष्ट होतो. प्रवर शुद्धीला संसर्जनक्रम सात दिवसांचा. तो कागदावर लिहून दिला, नीट समजावून सांगितला आणि गुरुवारी बाई घरी गेल्या.

शनिवारी नरकचतुर्दशी होती.

मुंबईहून मुले, सुना, नातवंडे आली होती. घरातील थोरली बाई पहाटेच्या फराळाला ताट सोडून बसते, हे त्या घराला सहन होण्यासारखे नव्हते. विलेपी संपून युषाचा क्रम नुकता सुरू झालेला, अग्नी अजून ठिणगीएवढा, आणि वर चकली, करंजी, अनरसे. सोमवारी त्यांना घाटातून जीपने उतरवून आणले तेव्हा उलट्या, अतिसार आणि अंगात कणकण होती. चार दिवसांत त्या सावरल्या, पण शोधनाचा सारा लाभ वाया गेला. आम्हांला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. "माझीच जीभ चुकली" एवढेच म्हणाल्या. मात्र त्यानंतर पंचकर्माचे नाव त्यांनी कधी काढू दिले नाही, आणि त्या वाडीतील इतर कोणी कित्येक वर्षे ते करून घेतले नाही.

जीभ त्यांची चुकली नव्हती. दिवस आम्ही चुकलो होतो. स्नेहपानाच्या पहिल्या दिवसापासून संसर्जनाच्या अखेरपर्यंत सोळा दिवस लागतात, हे बोटांवर मोजता येण्याजोगे गणित होते. दिनदर्शिका आमच्या टेबलाच्या वरच भिंतीवर टांगलेली होती. रविवारी रात्री आम्ही त्यातील विरेचनाच्या मंगळवारपर्यंतचेच दिवस पाहिले, कारण डोळ्यांवर झोप होती आणि मनात उद्याची घाई होती. समजा, त्याच रात्री दिवाळी लक्षात आली असती, तरी काय करणार होतो? बाई गाव सोडून बहिणीकडे आल्या होत्या, घृत मोजून ठेवले होते. रात्री साडेदहा वाजता कोणाला कळवावयाचे आणि काय बदलावयाचे?

रविवारच्या रात्रीवर आमचा मुख्य आक्षेप आहे तो हाच. त्या वेळी पुढील आठवडा दिसतो, पण हातात राहिलेला नसतो. घाऊक विक्रेत्याचे दुकान बंद, प्रयोगशाळा बंद, वाहतूकवाल्याचा फोन बंद, परिचारक आपल्या गावी गेलेला. उणीव ध्यानात आली, तरी तिचे निवारण करता येत नाही. मग आखणीऐवजी चिंता होते आणि ती उशाशी घेऊन वैद्य झोपतो. रुग्णांना निद्रेचे महत्त्व सांगणाऱ्यांनी तरी हे करू नये.

शिवाय रविवारबद्दल आम्हांला एक वेगळा आदर आहे. आपल्याकडील गिरणी कामगारांना ही सुट्टी कोणी आपण होऊन दिली नाही. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून तिचा पाठपुरावा केला आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत ती मान्य झाली. त्या गिरण्यांत कोकणातील किती घरांची माणसे राबली, हे आपल्या दोन तालुक्यांत कोणाला सांगावयास नको. इतक्या कष्टाने मिळालेल्या दिवसाची संध्याकाळ आपण सोमवारच्या हवाली करावी, हे आम्हांला पटत नाही. आमच्या घरातही ते पटत नव्हते, हे येथे कबूल करतो.

सोमवार सकाळविषयी फार लिहावयास नको. शनिवारी संध्याकाळी ज्यांचे दुखू लागले आणि रविवारी ज्यांनी अंगावर काढले, ते सारे सोमवारी दारात उभे असतात.

ब्राह्ममुहूर्ताचा पक्ष मात्र बलवान आहे. त्या बैठकीत एका स्नेह्यांनी तो मांडलाही. अष्टांगहृदयाची दिनचर्या ब्राह्ममुहूर्तावर उठण्यापासूनच सुरू होते, आणि त्या वेळी धर्म व अर्थ यांचे चिंतन करावे, असे मनुस्मृतीतही आले आहे. आठवड्याची आखणी हे अर्थचिंतनच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही एक पावसाळाभर हा प्रयोग करून पाहिला. पहाटे मन निर्मळ असते, एखाद्या अवघड रुग्णाविषयी जे दिवसा सुचत नाही ते त्या वेळी सुचते, हा अनुभव खरा आहे आणि त्यासाठी ती वेळ आम्ही आजही राखून ठेवतो. परंतु आठवडा आखणे हे एकट्याचे चिंतन नाही. त्यात चार जणांना विचारावे लागते, दोघांची गैरसोय पाहावी लागते. पहाटे साडेचार वाजता औषधविक्रेत्याला फोन करून महातिक्तक घृताच्या किती बाटल्या शिल्लक आहेत हे विचारणाऱ्या वैद्याचे स्वागत कसे होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

शुक्रवारची दुपार आम्ही का धरली, हे आता सांगतो. आपल्याकडील बहुतेक दवाखाने दुपारी दीड-दोनला बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. मधल्या वेळात भोजनोत्तर आडवे होण्याचा मोह सर्वांनाच असतो. ग्रीष्म वगळता दिवास्वाप निषिद्ध आहे, हे आपण रुग्णांना सांगतो. स्वतः किती पाळतो, ते आपले आपल्याला ठाऊक. तेव्हा शुक्रवारी दुपारी वही उघडून बसल्याने एक पथ्य तरी अनायासे पाळले जाते. त्या वेळी मुंबई-पुण्याचे घाऊक व्यापारी गादीवर असतात. बँक उघडी असते. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा व चौथा शनिवार बँका बंद असल्याने शनिवारवर अवलंबून राहता येत नाही. रुग्णाच्या घरी फोन केला तर संध्याकाळपर्यंत निरोप पोहोचतो आणि शनिवार-रविवारी मुंबईहून कोणी येणार असेल, तर ते येताना हवी ती वस्तू आणू शकतात. चालू आठवड्याच्या आठवणीही ताज्या असतात. मंगळवारी आलेल्या संधिवाताच्या रुग्णाला "पुढच्या आठवड्यात बस्तीचे बघू" असे जे सहज बोलून गेलो, ते शुक्रवारी आठवते. रविवारी रात्री ते विसरलेले असते.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना येथे थोडे अधिक सांगावयाचे आहे. आपली खरेदी बहुधा प्रतिनिधीच्या फेरीवर किंवा फळी रिकामी दिसण्यावर चालते. सोमवारी मागणी गेली की माल बुधवार-गुरुवारी हाती येतो, आणि तोपर्यंत वैद्याने लिहिलेला कल्प नाही म्हणून रुग्ण दोनदा परत गेलेला असतो. त्याला दुसरे काही "तसेच आहे" म्हणून दिले जाते, आणि पुढच्या भेटीत वैद्य गोंधळतो. यात दोष एकट्या विक्रेत्याचा नाही. पुढच्या आठवड्यात दोन जणांचे स्नेहपान सुरू होणार आहे, हे वैद्याने त्याला सांगितलेलेच नसते. आम्ही आमच्याजवळच्या औषधालयाच्या मालकांशी शुक्रवारी अडीच वाजता बोलण्याचा परिपाठ ठेवला आहे. दहा मिनिटे पुरतात. आमच्याकडून त्यांना काय लागणार ते कळते, त्यांच्याकडून आम्हांला काय मिळणार नाही ते कळते, आणि हे दुसरे ज्ञान अधिक मोलाचे असते. पावसाळ्यात चूर्णांना ओल लागते, गोळे होतात. कोणता डबा आधी संपवावयाचा, हेही त्याच बोलण्यात ठरते. ज्यांना वस्तू व सेवा कराचे मासिक विवरण भरावे लागते, त्यांच्या ११ आणि २० या तारखा ज्या आठवड्यात येतात, त्यात मोठी खरेदी आणि मालाची मोजदाद ठेवू नये, हे त्यांनीच आम्हांला शिकविले.

वही उघडल्यावर प्रथम मागे पाहावे, असा आमचा क्रम आहे. अतीतावेक्षण आणि अनागतावेक्षण या दोन तंत्रयुक्ती आपण विद्यार्थिदशेत पाठ केल्या. तेथे त्यांचा अर्थ ग्रंथरचनेपुरता आहे, हे मान्य. परंतु शब्द इतके नेमके आहेत की उसने घेतल्यावाचून राहवत नाही. गेल्या आठवड्यात येतो म्हणून कोण आले नाही, हे पाहण्यात आमची पहिली दहा मिनिटे जातात. न आलेला रुग्ण बरा झाला असेल किंवा दुसरीकडे गेला असेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कित्येकदा भातलावणी असते, गाडी चुकलेली असते, नाही तर पैसे नसतात. त्यानंतर पुढचे दिवस. योगबस्ती आठ दिवसांचे, कर्मबस्ती तीस. हे आकडे लिहून त्यांच्यापुढे संसर्जनाचे किंवा परिहाराचे दिवसही मांडतो आणि मग दिनदर्शिका पाहतो. गणपती, शिमगा, दिवाळी तर खरीच, पण गावची जत्रा, घरातील लग्न आणि बारावीची परीक्षा हीसुद्धा चिकित्सेची अंगे समजावीत. अमावास्येला किंवा शनिवारी औषध सुरू करावयास पुष्कळजण नाखूश असतात. त्यावर वाद घालण्यापेक्षा शुक्रवारी त्यांच्यासाठी दुसरा दिवस धरणे सोपे जाते. संहितांतही तिथी, नक्षत्र, करण, मुहूर्त यांचा विचार येतोच. रुग्णाचे मन प्रसन्न असणे, हा त्याचा व्यवहारातील लाभ आम्ही मानतो. ज्या गावी आठवडाबाजार भरतो, तेथील वैद्यांनी बाजाराच्या दिवशी शोधनकर्म ठेवू नये, हे सांगावयास नकोच.

ऋतुसंधीच्या काळात हा क्रम थोडा लांबवावा लागतो. वाग्भटाचार्यांनी मावळत्या ऋतूचे अखेरचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस, असा संधिकाल सांगितला आहे आणि जुना विधी हळूहळू सोडून नवा हळूहळू धरावा, असे म्हटले आहे. म्हणजे दोन शुक्रवार एकत्र पाहिल्याखेरीज ऋतुसंधी दिसतच नाही.

आणि पावसाळा. आमचा दवाखाना महाडात, परंतु आठवड्यातून दोन दिवस आम्ही पोलादपूरला बसतो. अंतर वीसेक किलोमीटरचे, तरी जून ते सप्टेंबर ते किती वाढेल, याचा नेम नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री या दोन गावांमधला सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्यावरून आम्ही किती वेळा निर्धास्त गेलो होतो! त्यानंतर पावसाळ्यातील प्रत्येक शुक्रवारी आम्ही एक वेगळी यादी करू लागलो : येत्या आठवड्यात कोणाचे औषध संपते आणि रस्ता बंद झाला तर कोणाला ते पोहोचणार नाही. तमकश्वासाचे रुग्ण, मधुमेही, एकटी राहणारी वृद्ध माणसे. शक्य त्यांना आठ दिवसांचे औषध जादा देऊन ठेवावयाचे.

१६ जुलै २०२१ च्या शुक्रवारीही ती यादी केली होती. अकरा नावे होती. २२ जुलै, गुरुवारी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. शुक्रवारच्या आखणीने यांतील काहीही टळले नाही, टळण्यासारखे नव्हतेही. दवाखान्यातील रुग्णपत्रिका चिखलात गेल्या. आमच्या ओळखीच्या औषधविक्रेत्यांचा खालच्या फळ्यांवरील माल गेला. कित्येकांचा सगळाच गेला. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. ती वही मात्र त्या आठवड्यात योगायोगाने घरी, वरच्या मजल्यावर राहिली होती. पाणी ओसरल्यावर गाळ उपसण्याच्या गडबडीत कोणाकडे प्रथम जावयाचे, हे ठरविण्यासाठी आमच्यापाशी ती अकरा नावे होती. सहा जणांना जादा औषध आधीच दिलेले होते. पाच जणांना निरोप देऊनही ते न्यावयास आलेले नव्हते. त्या पाचांपर्यंत पोहोचण्यास आम्हांला तीन दिवस लागले. दोघांचा श्वास फार वाढलेला होता. त्यांना रुग्णालयात हलविले. सर्व वाचले. तेव्हापासून वही दवाखान्यात ठेवीत नाही, आणि निरोप देऊन न आलेल्याचे औषध शनिवारी कोणाच्या तरी हाती पाठवितो.

आमच्या या पद्धतीवर आक्षेप येतील. रुग्ण काही आखणीप्रमाणे आजारी पडत नाहीत, हा पहिला. तो खरा आहे, आणि म्हणूनच बुधवारची दुपारनंतरची वेळ आम्ही कोरी सोडतो; कोरी जागा नसलेली आखणी पहिल्याच तापाच्या साथीत कोलमडते. दुसरा आक्षेप आमच्या एका भगिनी वैद्यांनी घेतला. शुक्रवारी दुपारी त्यांची मुले शाळेतून येतात, घरात सासूबाईंचे पथ्य सांभाळावयाचे असते. वही उघडून बसण्याची चैन त्यांना परवडत नाही. हा आक्षेप आम्हांला निरुत्तर करणारा वाटला. त्यांनी स्वतः गुरुवारी सकाळी अकरा ते पावणेबारा ही वेळ धरली आहे, त्या वेळात नवीन रुग्ण घेत नाहीत, आणि त्यांचे उत्तम चालले आहे. वार कोणता हा आमचा आग्रह नाही. ज्या वेळी दुकाने उघडी आहेत, माणसे फोनवर मिळतात आणि ठरविलेले अजून बदलता येते, अशी वेळ असावी, एवढाच आग्रह आहे. भ्रमणध्वनीवर नोंदी करणारे तरुण वैद्य आमच्या वहीला हसतात. त्यांनी खुशाल तसे करावे. पुराच्या आठवड्यात मात्र बॅटरी भरून ठेवावी.

आरंभी ज्या बाईंचा उल्लेख केला, त्यांच्या सूनबाई गेल्या आश्विनात आमच्याकडे आल्या. त्यांनाही त्वचेचाच विकार आहे. सासूबाईंची हकीकत त्यांना ठाऊक होती, तरी विरेचनाविषयी त्यांनी आपण होऊन विचारले. आम्ही लगेच होकार दिला नाही. शुक्रवारी दुपारी वहीत सोळा दिवस मांडून पाहिले. ते दिवाळीच्या आत बसेनात. नवव्या दिवशी वसुबारस येत होती. औषधालयाच्या मालकांनी घृत दोन आठवडे बाजूला ठेवण्याचे कबूल केले. सूनबाईंच्या घरी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले की, फराळ निवांत करा, पाहुणे परत जाऊ द्या, मग या. कार्तिकातील दुसरा सोमवार धरला. शरद तेव्हा अजून सरलेला नव्हता.